आधी दिवस ठरवले, मग डिस्क घेतली

घरी कॅमेरे बसवायचे म्हटलं की सगळी चर्चा कॅमेऱ्यांचीच होते. चार मेगापिक्सेलचा की आठचा, रात्री रंगीत दिसतं का, आवाज येतो का. रेकॉर्डिंग कशावर आणि किती दिवसांचं, हे सगळ्यात शेवटी विचारलं जातं आणि "एक टीबी टाकून देतो की" या उत्तरावर मिटतं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरासाठी मी हे काम केलं, तेव्हा सुरुवातच रेकॉर्डिंगपासून केली. गावी आई-वडील आणि आपण शहरात, अशी परिस्थिती असलेले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आई-बाबा गावीच राहतात, पण पावसाळ्यात महिना-सव्वा महिना पुण्याला माझ्याकडे येतात. तेवढे दिवस घर बंद. मागे आमराई, विहिरीवर पंप, पडवीत बरंच सामान. बाबांना विचारलं, "किती दिवस मागचं बघायला मिळालं म्हणजे पुरे?" ते म्हणाले, "अगं, आम्ही पुण्याहून परत येऊ तोवरचं असलं म्हणजे झालं." म्हणजे चाळीस दिवस. पुढचे सगळे निर्णय या एका आकड्यावर झाले.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा दर सेकंदाला किती बिट पाठवतो, त्याला आठने भागून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणायचं. ४ एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला ४० लाख बिट पाठवणारा) कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी खातो, २ एमबीपीएसचा २१.६. मेगापिक्सेलचा इथे थेट संबंध नाही; डिस्क भरते ती बिटरेटने. आमचे चार कॅमेरे. फाटक आणि आमराईकडच्या दोघांना प्रत्येकी ४ एमबीपीएस दिले, कारण तिथे पानं हलतात, अंतर जास्त आहे आणि चेहरा ओळखता यायला हवा. पडवी आणि मागचं दार यांना २ पुरले. एकूण १२ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला जवळपास १३० जीबी. चाळीस दिवसांचे ५.२ टीबी. म्हणून ६ टीबीची डिस्क. ती संगणकात लावल्यावर साडेपाचच्या आसपास दिसते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या. त्यात कुणी काही लपवलेलं नसतं.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, एच.२६५ ठेवायचं, तेवढ्याच स्पष्टतेसाठी जुन्या एच.२६४ ला बरीच जास्त जागा लागते. दुसरी म्हणजे बिटरेट स्थिर ठेवायचा किंवा त्याला वरची मर्यादा घालायची. बदलता ठेवला तर कोकणातल्या जुलैच्या रात्री हिशेब कोलमडतो. मुसळधार पाऊस, इन्फ्रारेडच्या उजेडाला जमलेले किडे, काचेसमोर जाळं विणणारा कोळी, या सगळ्यामुळे चित्रातला कणन् कण हलत राहतो आणि कॅमेरा दुपारच्या कितीतरी पट माहिती पाठवू लागतो.

"फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करा, डिस्क वाचेल" हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही आणि त्याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. मी वापरते ते सॉफ्टवेअर म्हणजे फ्रिगेट. मोफत आणि मुक्तस्रोत. कॅमेऱ्यात माणूस दिसला की गाडी, हे ते ओळखतं. पण त्याच्यासोबत येणारं मॉडेल कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकवलेलं आहे. त्यात ८० प्रकारच्या गोष्टी आहेत. माणूस, गाडी, कुत्रा, मांजर, गाय, अगदी जिराफ आणि झेब्राही. बिबट्या नाही. माकड नाही. आणि आमच्या आमराईत येणारे पाहुणे तर हेच. बिबट्याला हे मॉडेल फार तर कुत्रा किंवा मांजर म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही. ज्याची नोंदच झाली नाही, ते नंतर शोधणार कसं? म्हणून चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चोवीस तास चालतं. माणूस किंवा गाडी ओळखल्याच्या नोंदी त्यावर खुणेसारख्या असतात, शोधायला सोप्या जाव्यात म्हणून.

आता डिस्क कोणती. ६ टीबी म्हणजे ६ टीबी, असं नसतं. सीगेटच्या साध्या बाराकुडा डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला २,४०० तास चालू आणि ५५ टीबी काम, असं लिहिलेलं असतं. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे चोवीस तास चालवली तर वर्षभराचे तास शंभर दिवसांत संपले. माझं लिखाण वर्षाला ४७ टीबीच्या आसपास जातं, तेही मर्यादेच्या अगदी जवळ. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक या पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठीच्या डिस्क चोवीस तास चालायला बनवलेल्या असतात आणि त्यांची मर्यादा वर्षाला १८० टीबी असते. जास्तीचे पैसे यासाठी द्यावेत. खोक्यावरच्या "६४ कॅमेऱ्यांपर्यंत" या वाक्याचा घरगुती माणसाला उपयोग नाही.

माहितीपत्रकात आणखी एक शब्द बघायचा: सीएमआर की एसएमआर. या डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये पट्ट्या वेगवेगळ्या असतात, एसएमआरमध्ये एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे जुनं पुसून नवं लिहिताना डिस्कला शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. भरलेल्या डिस्कवर सतत पुसणं-लिहिणं चाललेलं असताना हे नकोच. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ते ग्राहकांना सांगितलेलंच नव्हतं, हे २०२० मध्ये उघड झालं. तेव्हापासून लोक हे विचारून घेऊ लागले. डिस्क हातात आल्यावर मी आधी स्मार्टमॉनटूल्स हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवून चालू तास आणि खराब सेक्टर पाहिले. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण गाजलं. त्यांचा नेहमीचा तासांचा आकडा शून्यावर आणलेला होता, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, त्यात खरे तास सापडले. सीगेट घेतली तर तीही नोंद बघावी.

संगणकाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की तो दणकट लागतो. कॅमेरा व्हिडिओ आधीच एच.२६५ करून पाठवतो. संगणकाने तो नेटवर्कवरून (आरटीएसपी या पद्धतीने) घ्यायचा आणि जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवायचा. १२ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दीड एमबी. कुठलाही संगणक, कुठलीही हार्ड डिस्क हे सहज करते. डोकं लागतं ते फक्त माणूस ओळखायला, आणि त्यासाठी कॅमेऱ्याची छोटी सबस्ट्रीम, म्हणजे मुख्य व्हिडिओसोबत येणारी लहान आवृत्ती, पुरते: ६४० बाय ३६० चं चित्र, सेकंदाला पाच फ्रेम. ते काम इंटेलच्या प्रोसेसरमधलाच ग्राफिक्स भाग करतो. त्यासाठीचं इंटेलचं सॉफ्टवेअर ओपनव्हिनो सहाव्या पिढीपासून पुढच्या इंटेलवर चालतं, वेगळं कार्ड लागत नाही. सबस्ट्रीम मी एच.२६४ ठेवली आहे, म्हणजे बाबांच्या जुन्या फोनवरही थेट दृश्य लगेच उघडतं.

मग पर्याय दोनच उरले. एक, इंटेल एन१०० वर चालणारा मिनी पीसी. ६ वॅटचा प्रोसेसर, तळहातावर मावणारा डबा, वीज अगदी कमी. पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही आणि पाळतीच्या डिस्क साडेतीन इंचीच असतात. मग ती बाहेर यूएसबीच्या डब्यात ठेवायची, त्याला वेगळा अडॅप्टर. गावी वीज दिवसात कितीदा जाते-येते त्याचा नेम नाही. अशा ठिकाणी एकाऐवजी दोन अडॅप्टर आणि मध्ये एक यूएसबीची वायर, हे मला पटलं नाही. वायर सैल झाली तर ती ओळखून नीट बसवायला तिथे कोण आहे?

दुसरा पर्याय म्हणजे कार्यालयातून निघालेला छोटा डेस्कटॉप. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतची चांगली यंत्रं कार्यालयांनी काढून टाकली. लिनक्सला त्याचं काहीच सोयरसुतक नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मी आय५-७५०० (सातव्या पिढीचा प्रोसेसर) चा एक एसएफएफ, म्हणजे लहान आकाराचा, डबा घेतला, ८ जीबी रॅमसकट, नव्या मिनी पीसीच्या साधारण निम्म्या किमतीत. आत साडेतीन इंची डिस्कची जागा, सगळ्याला एकच वीजपुरवठा आणि जादा कार्ड बसवायला एक पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा. घेण्याआधी झाकण उघडून पंखा फिरवून पाहिला आणि डब्याच्या मॉडेलच्या नावातला शब्द तपासला: त्याच मालिकेतल्या "मायक्रो" किंवा "टायनी" डब्यात मोठी डिस्क जात नाही. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि फ्रिगेटचा डेटाबेस छोट्या एसएसडीवर, रेकॉर्डिंग फक्त मोठ्या डिस्कवर. ती भरत आली की फ्रिगेट आपोआप सगळ्यात जुनं पुसतं.

डिस्कसकट हा डबा पंचवीस-तीस वॅट घेतो, महिन्याला वीस युनिटच्या आसपास. मिनी पीसीने यातले काही वाचले असते. मला विश्वासार्हता त्याहून मोलाची वाटली.

विजेवर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. फाटकाचा सोडून बाकीचे कॅमेरे एका पीओई स्विचवर आहेत, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच त्यांना वीज मिळते आणि त्यांचे तीन अडॅप्टर तीन ठिकाणी नाहीत. स्विच, संगणक आणि राउटर मिळून सत्तरेक वॅट होतात. घरच्या १५० एएचच्या इन्व्हर्टरवर दुसरं फारसं काही नसेल तर रात्र निघते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला, नाहीतर वीज जाताना संगणक झटका खाऊन बंद होतो. आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) "वीज परत आली की आपोआप चालू हो" हे नक्की लावायचं. बॅटरी पूर्ण उतरली तरी कुणी माळ्यावर चढून बटण दाबायची गरज राहत नाही. केबल घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगितलं की शुद्ध तांब्याचीच हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त आणि पीओईची वीज तिच्यातूनच जायची असते. फाटक शंभर मीटरच्या पलीकडे आहे. तिथे फायबर टाकली, कॅमेऱ्याला वीज पंपाच्या खोलीतून घेतली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा कडकडतात. फायबरमधून तो दणका घरात येत नाही.

रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. कॅमेऱ्यांचं जाळं त्या कार्डापुरतंच, इंटरनेटशी त्यांचा संबंध नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातला मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) लाखांनी ताब्यात घेतले होते. भारतातही एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांची सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली आहे. तरीही कॅमेऱ्याला बाहेरचं दारच न देणं मला जास्त भरवशाचं वाटतं. पुण्याहून मी टेलस्केलवरून, म्हणजे माझ्या आणि गावच्या यंत्रांना जोडणाऱ्या खासगी जाळ्यावरून, बघते. फाटकाच्या कॅमेऱ्यात शेजारच्या काकूंचं अंगण येत होतं, तेवढा भाग कॅमेऱ्यातच काळा करून टाकला आणि त्यांना दाखवलाही.

क्लाउडचा विचार आधीच सोडला होता. १२ एमबीपीएस अखंड वर चढवणं गावच्या फोरजीवर शक्य नाही, आणि पावसात ज्या रात्री काही घडण्याची शक्यता जास्त, त्याच रात्री नेटवर्क जातं.

रेकॉर्डिंगवरची वेळ बरोबर असणं लोक दुर्लक्षित करतात. कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकतात. इंटरनेट नसलं तर जास्तच. म्हणून संगणक इंटरनेटवरून वेळ लावून घेतो आणि चारही कॅमेऱ्यांना तीच वेळ देतो. वेळ आणि पुरावा यांचं नातं किती घट्ट असतं ते आपल्याच जालन्यात दिसलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर भरला गेला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओवर आला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलवरून काढलेला, तिच्यात जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा) लिहावं लागतं. फ्रिगेटमधून साधी एमपी४ फाइल निघते, तिचं एसएचए-२५६ पद्धतीचं हॅश एका आज्ञेत काढता येतं. ती आज्ञा मी एका कागदावर लिहून बाबांच्या फायलीत ठेवली आहे.

ज्यांना यात हात घालायचा नाही, त्यांनी तयार एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. डिस्कचा हिशेब तिथेही हाच. फक्त तो ऑनव्हिफ हे कॅमेऱ्यांचं सामाईक मानक मानणारा असावा, म्हणजे पुढे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा जोडता येतो.

चोराने संगणकच उचलून नेला तर? हा प्रश्न आईने विचारला आणि तो अगदी योग्य होता. डबा माळ्यावर, कुलूपबंद लाकडी कपाटात आहे. मागची फळी हवेसाठी कापून घेतली. शिवाय माणूस ओळखल्याच्या छोट्या क्लिप दिवसभर, नोंद होईल तशा, पुण्याच्या माझ्या संगणकावर उतरत राहतात. त्या थोड्याच असतात, फोरजीला झेपतात. नेट गेलेलं असेल तर आल्यावर राहिलेल्या येतात. पूर्ण रेकॉर्डिंगची दुसरी प्रत सध्या नाही. दुसरी ६ टीबीची डिस्क विहिरीजवळच्या खोलीत ठेवायचा विचार आहे. त्या खोलीत आधी ओल थांबवायला हवी, आणि ते काम पावसाआधी गवंड्याला सांगितलं आहे.