कोणी हात लावला नव्हता, मग बिल्ड मोडलं कसं?

डेबियन या मोफत लिनक्स प्रणालीची काही पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेले प्रोग्रॅम, मी सांभाळतो हे कळलं की नाशिकमधली माणसं फिरून फिरून एकच विचारतात. कॉलेजची पोरं विचारतात, अंबडला सीएनसीचं शॉप चालवणारे माझे एक स्नेही तर भेटले की विचारतातच: "अहो, त्या प्रोग्रॅमला कित्येक वर्षं कोणी हात लावला नाही, मग आज तो अडतो कसा? आणि अडला तर ज्यानं लिहिला त्यानं बघावं, तुम्ही का जागत बसता?" म्हणून एकदा जरा सविस्तर सांगतो.

प्रोग्रॅमला हात लागलेला नसतो हे खरंच. हात लागतो तो त्याच्या खालच्या गोष्टींना. डेबियनमध्ये सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या कोडपासून, पॅकेज बनतं (यालाच बिल्ड म्हणतात) ते कोऱ्या वातावरणात. तिथे इंटरनेट नाही. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारा), लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात ते तयार कोडचे संच), सगळं डेबियनच्याच साठ्यातलं. आणि त्या साठ्यात एका लायब्ररीची शक्यतो एकच आवृत्ती ठेवतात. ती बदलली की तिच्या जिवावर चालणाऱ्या सगळ्यांना झळ बसते.

"मग ज्यानं त्यानं आपली जुनी आवृत्ती धरून बसावं की," असं पोरं म्हणतात. त्यांना मी एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड सांगतो. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं. डेबियननं ती एक लायब्ररी दुरुस्त केली, लोकांनी अपडेट घेऊन सेवा पुन्हा सुरू केल्या, आणि तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या सर्व्हरांचं ते भोक बुजलं. (किल्ल्या आणि सर्टिफिकेटं बदलावी लागली, ते काम वेगळं.) प्रत्येक प्रोग्रॅमनं स्वतःची प्रत पोटात ठेवली असती तर एकेक हुडकत बसावं लागलं असतं. एवढ्या फायद्यापायी अधूनमधून बिल्ड मोडलं तरी माझी तक्रार नाही.

आता मोडतं म्हणजे काय होतं ते बघा. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हा कंपायलर आला. सी भाषेत फंक्शन वापरण्याआधी ते काय घेतं, काय परत देतं हे कंपायलरला सांगावं लागतं. हेडर फाइल असते ती त्यासाठीच. फार पूर्वी हे सांगितलं नाही तर कंपायलर 'इंट (पूर्णांक) परत येणार' असं धरून चालायचा. सी भाषेच्या १९९९ च्या स्टँडर्डनं ही सवलत काढून घेतली. तरी जीसीसी पंचवीस वर्षं फार तर वॉर्निंग देऊन सोडून देत होता. चौदाव्या आवृत्तीपासून त्याची थेट एरर झाली आणि जुनी पॅकेजं धडाधड अडकली.

अंबडच्या स्नेह्यांना म्हटलं, ड्रॉइंग तेच, जॉब तोच, पण इन्स्पेक्शनचं गेज बदललं. जो जॉब आधीपासूनच टॉलरन्सबाहेर होता तो आत्ता रिजेक्ट झाला. ते लगेच म्हणाले, "पण इतकी वर्षं बसत होता ना?"

गोम तिथेच आहे. माझ्यासमोर आलेल्या बिल्डच्या एका लॉगमध्ये (नोंदीत) एरर होती स्ट्रकेसस्ट्र या फंक्शनवर. ते मजकुरात शब्द शोधतं आणि सापडला त्या जागेचा पत्ता परत देतं. हेडर घेतलेलं होतं, पण फाइलच्या डोक्यावर 'जीएनयू सोर्स'चं डिफाइन (जादा फंक्शनं उघडणारी ओळ) नव्हतं, आणि त्याशिवाय ग्लिबसी ही सीची मूळ लायब्ररी हे फंक्शन दाखवतच नाही. म्हणजे कंपायलरनं इंट धरला. ६४ बिटी मशीनवर पत्ता ६४ बिटांचा, इंट ३२ बिटांचा. वरचा अर्धा पत्ता गळून जातो. पूर्वी प्रोग्रॅम आणि त्याचा डेटा बहुतेक वेळा लहान पत्त्यांवर लोड व्हायचा, म्हणून उरलेल्या अर्ध्यावर भागायचं. २०१७ च्या डेबियन ९ पासून सुरक्षेसाठी प्रोग्रॅम मोठ्या, दर वेळी बदलणाऱ्या पत्त्यांवर बसायला लागले, आणि अर्धा पत्ता पुरेनासा झाला. म्हणजे ती चूक प्रोग्रॅममध्ये होतीच. जीसीसी १४ नं फक्त ती वापरणाऱ्याच्या आधी माझ्यासमोर आणली.

अशा वेळी कंपायलरला एक फ्लॅग (सूचना) देऊन एररची पुन्हा वॉर्निंग करता येते. बिल्ड पास होतं, कोणी विचारत नाही. मला ते मुळीच पटत नाही. कंपायलर ओरडून सांगतोय आणि आपण त्याचं तोंड दाबायचं, आणि प्रोग्रॅम कोसळणार तिसऱ्याच माणसाच्या हातात! डिफाइनची एक ओळ लिहायची, तिचा पॅच (बदलाची छोटी फाइल) करायचा, त्यावर कारण लिहायचं आणि तो मूळ लेखकाकडे पाठवायचा. न पाठवता आपल्याकडेच ठेवला तर दर नव्या आवृत्तीला तो पुन्हा बसवत राहावं लागतं, आणि डेबियनसारखी बाकीची डिस्ट्रिब्युशनं तेच काम वेगळं करत राहतात.

मूळ लेखक स्वतः का करत नाहीत? बरेच जण करतात, आणि चटकन करतात. काहींनी ते काम कधीच सोडलेलं असतं, पण प्रोग्रॅम लोक वापरत असतात. जीसीसी १४ च्या वेळी फेडोरा आणि जेंटू या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनांच्या मंडळींनी आधीपासूनच अशा जागा शोधून पॅच लिहायला घेतले होते, त्याचा आम्हाला फार आधार झाला.

दर वेळी कंपायलरच असतो असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन भाषेच्या ३.१२ आवृत्तीतून डिस्टयुटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं साधन गेलं, तेव्हा जुन्या सेटअप फाइली अडल्या. मराठी वाचायला लागणारा लोहित देवनागरी फाँटसुद्धा पॅकेजच आहे, आणि तो फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या प्रोग्रॅमवर तयार होतो. फाँटफोर्ज अडलं तर लोहितची नवी बांधणीही अडते.

जागत बसतो ते मुदतीमुळे. बिल्ड होत नाही असा गंभीर बग उघडा राहिला तर पॅकेज पुढच्या डेबियनच्या तयारीतून, म्हणजे टेस्टिंगमधून, बाहेर काढतात, आणि त्याच्यावर अवलंबून असलेलीही त्याच्याबरोबर जातात. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये निघालं, ते जीसीसी १४ घेऊनच.

ज्या पोरांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी: बिल्ड न होण्याचे बग डेबियनच्या बग यादीत सगळ्यांना दिसतात. एखादा लहान निवडा, एसबिल्ड या साधनानं कोऱ्या वातावरणात ते पॅकेज बांधा. लॉगमधली शेवटची एरर वाचू नका, पहिली वाचा. पुढच्या बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात. आणि पॅच लिहायला बसण्याआधी बगवर कळवा की हे मी बघतोय, नाही तर दुसरा कोणी तोच पॅच लिहीत बसतो.