काझाच्या थंडीत हायब्रिड: उतरते ती मोठी बॅटरी नव्हे, छोटी

निघण्याआधी भेटेल तो एकच सांगत होता: "हायब्रिड आहे, एवढी मोठी बॅटरी आहे, थंडीत स्टार्टिंगची चिंता नको." हा सल्ला साफ चुकीचा आहे. जानेवारीअखेर हिमाचलच्या स्पितीतल्या काझात तीन रात्री उभी राहिलेली आमची स्ट्राँग हायब्रिड (इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी गाडी) चौथ्या सकाळी मेल्यासारखी पडली होती. रिमोटने कुलूपही उघडेना. जंप दिल्यावर, म्हणजे बाहेरच्या बॅटरीची वीज जोडून गाडी जागी केल्यावर, डॅशबोर्डवर पाहिलं, तर मोठी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

पुणे ते शिमला सुमारे १८०० किलोमीटर, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पुढे रामपूर, रिकाँगपिओ, नाको, ताबो, काझा. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते, म्हणून मनालीकडून रस्ता नाही. गेलात तसेच परत यायचं. पिओच्या खाली पोवारीला टाकी काठोकाठ भरा, पुढचा भरवशाचा पंप काझालाच. हीटर चालू असला की त्याला गरम पाणी पुरवायला इंजिन उभ्या गाडीतही चालत राहतं, तेव्हा शहरातल्या मायलेजवर हिशोब मांडू नका.

आता मुद्द्याचं. स्ट्राँग हायब्रिडला बहुधा नेहमीसारखा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. पण रिले (विजेने चालणारे स्विच) चालू करून मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडायचं, कॉम्प्युटर जागे करायचे, हे काम १२ व्होल्टच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही उपयोग शून्य. स्टार्टर फिरवायचा नसल्याने ही छोटी बॅटरी मुळातच लहान दिलेली असते, ३५ ते ४५ अँपिअर-अवरची. शिवाय ती चार्ज होते फक्त डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा लागलेला असताना. ब्रेक न दाबता बटण दाबून नुसतं म्युझिक लावलंत, तर ती फक्त रिकामी होते.

आमची कशी उतरली याचं गणित सरळ आहे. डॅशकॅमचा पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही चालणारं रेकॉर्डिंग, साधारण पाव अँपिअर खातो. तीन रात्री आणि मधले दिवस धरून ६० तास, म्हणजे १५ अँपिअर-अवर. बॅटरी ४० ची, पण उणे २० च्या आसपास लेड-ॲसिडची क्षमता जवळपास निम्मी होते, म्हणजे हाताशी २०. त्यात गाडीचं स्वतःचं कनेक्टेड-कार यंत्र आणि चावीचा रिसीव्हर दिवसरात्र थोडं थोडं ओढतातच. डॅशकॅमला कटऑफ असतो, म्हणजे व्होल्टेज ठराविक आकड्याखाली गेलं की तो आपोआप बंद होतो, पण बऱ्याचदा तो ११.८ व्होल्टवर ठेवलेला असतो, आणि तोवर बॅटरी जवळजवळ संपलेली असते. कटऑफ १२.४ वर न्या. माझं मत विचाराल तर शिमल्याच्या पुढे पार्किंग मोडची वायरच काढून ठेवा.

दुसरा चोर कुणी सांगत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं की गर्र असा आवाज येतो. तो ब्रेकचा पंप, आणि तो या छोट्या बॅटरीवर चालतो. संध्याकाळी टोपी, चार्जर, बिस्किटं आणायला दहा वेळा दार उघडू नका, एकदाच सगळं उतरवा. चावी गाडीपासून लांब, खोलीच्या आतल्या बाजूला ठेवा.

रात्रीचा क्रम असा. पोचल्यावर लगेच बंद करू नका. हीटर, सीट-हीटर, मागच्या काचेची जाळी, दिवे बंद करून गाडी 'रेडी'त पाऊण तास उभी राहू द्या, गिअर पी मध्ये. एन मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही. बर्फात रस्ता तुंबला की सवयीने एन टाकून बसणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा. सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी उकरून काढा, काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर विषारी धूर आत येतो. मग गाडी बंद करून तासाभराने छोट्या बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १२.६ असेल तर झोपा. १२.४ च्या खाली असेल तर पुन्हा चालवा, १२.२ म्हणजे अर्धी संपली. डिझेलवाले पहाटे उठून पंधरा मिनिटं इंजिन चालवतात, ते बघून तसं करू नका. गारठलेली लेड-ॲसिड करंट फार हळू घेते, पंधरा मिनिटांत काही भरत नाही. रोज एकदा सलग पाऊण ते एक तास द्या.

दोनहून जास्त दिवस गाडी हलणार नसेल तर दहा नंबरच्या पान्याने मायनस टर्मिनल सोडवा. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते. तिथे टर्मिनल सोडवून डिकी बंद केलीत तर ती विजेवर उघडणार नाही. म्हणून आपल्या गाडीची बॅटरी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये घरूनच बघून निघा. बॅटरी काढून खोलीत नेणार असाल तर बुखारीपासून (खोली गरम करायच्या शेगडीपासून) लांब ठेवा, आणि परत बसवताना वायू बाहेर नेणारी बारीक नळी असेल तर ती विसरू नका.

जंप पॅक (जंप द्यायची छोटी, हातात नेता येणारी बॅटरी) डिकीत ठेवू नका, आम्ही तीच चूक केली. पॅक आत आणि डिकी उघडेना. चावीच्या आतल्या लोखंडी किल्लीने फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं. पॅक लिथियमचा असतो, थंडीत तोही मंदावतो, म्हणून रात्री खोलीत, सकाळी जॅकेटच्या आत. इंजिन फिरवायचं नसल्याने लहान पॅकही पुरतो. काझात एकाने पाच मिनिटांच्या जंपचे २५०० रुपये घेतले. तेवढ्यात अर्ध्याहून जास्त पॅक येतो, तेव्हा पुण्यातच घ्या.

जोडणी: बोनेटखाली फ्यूजबॉक्समध्ये जंपसाठी लाल झाकणाचं टोक दिलेलं असेल तर प्लस तिथे, मायनस उघड्या धातूच्या बोल्टवर. उलटं लागलं तर कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीवरून छोटी चार्ज करणारा भाग) किंवा मोठा फ्यूज जातो आणि गाडी तिथेच संपते. दुसऱ्या गाडीवरून घेत असाल तर तिचं इंजिन पाच मिनिटं चालू द्या, मग ब्रेक दाबून बटण. 'रेडी' आलं की केबल काढा आणि तासभर गाडी बंद करू नका. बोलेरो, अल्टो चालेल. ट्रक किंवा बसवरून कधीच नाही, त्यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. काझात मदतीला सर्वांत आधी ट्रकवालाच थांबतो, मनापासून थांबतो, पण हात जोडून नको म्हणा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे दहाच्या आसपास गोठतं. कवच फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर तिला जंप देऊ नका, फुटू शकते.

"धक्का मारू या" म्हणून चारजण पुढे येतील. धक्क्याने हायब्रिड सुरू होत नाही. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूही नका, चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार होते. पुढची चाकं उचलून न्या, चारही चाकांना ड्राइव्ह असेल तर फ्लॅटबेडच हवा. विजेवरचा हँडब्रेक छोटी बॅटरी मेल्यावर सुटत नाही, आणि उणे तापमानात तो गोठतोही. काझात सपाट जागा शोधा, पी मध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका.

एकदा पूर्ण उतरलेली लेड-ॲसिड पहिल्यासारखी होत नाही. परतल्यावर लोड-टेस्ट करून घ्या. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर टेस्टच्या भानगडीत न पडता निघण्याआधीच बदला.