खात्यात पैसे असताना लागलेली ओव्हरड्राफ्ट फी: ती परत मिळवण्याचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या बँकेच्या ॲपवर दोन शिलका दिसतात. एक करंट बॅलन्स, म्हणजे खात्यात नोंदलेले पैसे; दुसरी अव्हेलेबल बॅलन्स, म्हणजे त्यातले अडकलेले वगळून वापरता येणारे. ओव्हरड्राफ्टची फी, म्हणजे पैसे अपुरे असताना व्यवहार झाल्याचा दंड, लावायची की नाही हे बऱ्याच बँका दुसऱ्या आकड्यावरून ठरवतात, आणि आपण पहिला आकडा बघून 'आहेत की पैसे' म्हणत कार्ड पुढे करतो. माझ्या खात्यातून ३५ डॉलर कापले गेले तेव्हा करंट बॅलन्स शून्याच्या आसपासही नव्हती. फी परत मिळाली, पण त्यासाठी स्टेटमेंटमध्ये नेमकं कुठे बोट ठेवायचं हे आधी शोधावं लागलं. नव्याने इकडे आलेल्या, क्रेडिट कार्ड अजून न मिळालेल्या विद्यार्थ्यांना हे फार लागतं, म्हणून तपशिलात लिहिते. बँकेचं नाव देत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

आधी होल्ड म्हणजे काय ते. भारतात आयपीओला अर्ज केला की अस्बामध्ये पैसे ब्लॉक होतात: रक्कम खात्यातच असते, पण हात लावता येत नाही. डेबिट कार्डाचा होल्ड दिसायला तसाच. फरक दोन. आयपीओत अडकलेली रक्कम अर्जाप्रमाणे ठरलेली असते, इथे ती दुकानदाराचा अंदाज असते. दुसरा फरक जास्त महाग पडतो: होल्ड लागला म्हणून ते पैसे त्या खरेदीसाठी बाजूला काढून ठेवलेले नसतात. होल्डमुळे फक्त अव्हेलेबल बॅलन्स कमी दिसते. मधल्या दिवसांत फोनचं बिल किंवा चेक आला तर तो त्याच पैशांतून भागवला जाऊ शकतो, आणि मूळ खरेदीची खरी रक्कम येईल तेव्हा खातं रिकामं सापडतं.

रोजच्या खर्चात होल्डचा सगळ्यात मोठा अंदाज गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, बांधला जातो (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात). कार्ड पंपात घातलं तेव्हा किती गॅलन जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून पंप एक ठोक रक्कम मंजूर करून घेतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार ही रक्कम १७५ डॉलरपर्यंत असू शकते. २०२२ पर्यंत ती १२५ होती. टाकी भरली की खरी रक्कम जाते. काही बँका ती मिळताच जादा होल्ड तासा-दोन तासांत सोडतात, काही मात्र व्यवहार पक्का होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन कामाचे दिवस, तसाच ठेवतात. शुक्रवारी संध्याकाळी भरलं तर मंगळवार-बुधवार उजाडतो. न्यू जर्सीत गॅस स्वतः भरायला बंदी आहे, माणूस येऊन भरतो, पण त्याने तुमचं कार्ड पंपातच घातलं तर होल्ड तोच. 'फॉर्टी डॉलर्स, रेग्युलर' असं सांगितल्याने होल्ड चाळीसचा होईलच असं नाही. आत काउंटरवर जाऊन आधी ठरावीक रकमेचे पैसे दिले तर साधारणपणे तेवढेच अडकतात. रोख दिली तर प्रश्नच नाही.

माझ्या फीचं गणित असं होतं. खात्यात २१२.४० डॉलर. पंपाने १७५ अडकवले, अव्हेलेबल राहिली ३७.४०. दुसऱ्या दिवशी पहाटे फोनच्या बिलाचे ४५ डॉलर ऑटोपेने गेले. बँकेच्या हिशोबात ३७.४० वजा ४५ म्हणजे उणे ७.६०, लावा ३५ डॉलर. गॅस प्रत्यक्षात भरला होता ३८.६० चा. दोन्ही व्यवहार पक्के झाल्यावर खात्यात १२८.८० उरायला हवे होते, उरले ९३.८०. म्हणजे जो पैसा खर्च झालाच नव्हता, त्याच्या अभावी दंड लागला.

इथे बहुतेक जण म्हणतात, 'पण मी तर खातं उघडताना ओव्हरड्राफ्ट नको म्हणून सांगितलं होतं.' खरं आहे, पण ते 'नको' फार थोड्या व्यवहारांना लागू होतं. रेग्युलेशन ई या केंद्रीय नियमामुळे २०१० पासून बँकेला एटीएममधून काढलेल्या पैशांवर आणि डेबिट कार्डाच्या एकेका खरेदीवर ओव्हरड्राफ्ट फी लावायची असेल तर ग्राहकाची आधी संमती घ्यावी लागते. संमती नसेल तर कार्ड नाकारलं जातं, फी लागत नाही. चेक, खात्यातून थेट जाणारी बिलं आणि कार्डावर दरमहा आपोआप होणारे व्यवहार या नियमाच्या बाहेर आहेत. तिथे फी लावायला बँकेला तुमची संमती लागत नाही. माझी फी गॅसवर लागलीच नव्हती, फोनच्या बिलावर लागली होती. फोनवर 'गॅसवर फी कशी लावली?' असं विचारलं असतं तर समोरच्याने शांतपणे 'नाही लावली' म्हणून विषय संपवला असता.

दुसरा प्रकार यापेक्षा वाईट, कारण त्यात दोन फी लागू शकतात. समजा कार्डाच्या खरेदीवरच्या ओव्हरड्राफ्टला संमती दिलेली आहे आणि खात्यात १२० आहेत. सोमवारी किराणा घेतला ९० चा. मंजूर झाला, अव्हेलेबल ३०. मंगळवारी ६० चं बिल खात्यातून गेलं. अव्हेलेबल उणे ३०, फी ३५. करंट बॅलन्स आता २५. बुधवारी किराण्याचे ९० पक्के व्हायला आले, खातं गेलं उणे ६५ वर, आणि काही बँका इथे किराण्यावर आणखी ३५ लावायच्या. म्हणजे एकाच ९० डॉलरसाठी दोनदा शिक्षा: आधी होल्ड म्हणून, मग खर्च म्हणून. मंजुरीच्या वेळी पैसे पुरेसे आणि पक्कं होताना अपुरे, अशा या प्रकाराला बँकवाले 'ऑथराइझ पॉझिटिव्ह, सेटल निगेटिव्ह' म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये एफडीआयसी आणि ओसीसी या दोन्ही नियामकांनी बँकांना कळवलं की अशी फी ग्राहकांवर अन्यायकारक ठरण्याचा धोका आहे. बऱ्याच बँकांनी ती बंदही केली. तरी तुमच्या स्टेटमेंटवर दिसलीच, तर हा शब्दप्रयोग फोनवर जसाच्या तसा वापरा. समोरचा माणूस सावरून बसतो.

फी परत मागायची तर पुरावा त्याच दिवशी गोळा करायला हवा. पेंडिंग व्यवहार पक्का झाला की मूळ होल्डची रक्कम ॲपमधून नाहीशी होते. मग १७५ कुठेच दिसत नाहीत, ३८.६० दिसतात, आणि फोनवरची व्यक्तीही तेच बघून बोलते. म्हणून पेंडिंगच्या यादीचा आणि दोन्ही शिलकांचा स्क्रीनशॉट लगेच काढावा, तारीख-वेळ दिसेल असा. गॅसची पावती फेकू नये. खातं उघडताना मिळालेला करार बँकेच्या वेबसाइटवर असतो. त्यात 'अव्हेलेबल बॅलन्स' आणि 'ऑथरायझेशन होल्ड' हे शब्द शोधले की फीसाठी कोणती शिलक धरली जाते ते परिच्छेदच सापडतात. करारात करंट किंवा लेजर बॅलन्स लिहिलं असेल आणि फी अव्हेलेबलवरून लावली असेल, तर तुमची बाजू फारच भक्कम.

होल्ड अजून लागलेलाच असेल तर आधी दुकानदाराला फोन. तो त्याच्या बाजूने मंजुरी रद्द करू शकतो. काही बँका दुकानदाराला फोनवर घेऊन, मंजुरीचा क्रमांक पडताळून होल्ड सोडतात. गॅस स्टेशनवर हे क्वचितच जमतं. हॉटेलात जमतं, कारण तिथे रिसेप्शनवर कुणीतरी जबाबदार असतं.

मग बँक. मी तीन गोष्टी विचारल्या आणि उत्तरं लिहून घेतली: गॅसची मंजुरी किती रकमेची आणि किती वाजता झाली, फोनचं बिल आलं त्या क्षणी दोन्ही शिलका किती होत्या, आणि खरी रक्कम ३८.६० असल्याचं बँकेला कधी कळलं. तिसऱ्या प्रश्नात सगळं आहे. पंपाने खरी रक्कम कळवल्यावरही होल्ड चालू ठेवला असेल, तर तो अंदाज दुकानदाराचा राहत नाही, बँकेचा होतो. पहिल्या प्रतिनिधीने 'सिस्टिमने आपोआप लावली' म्हटलं, तेव्हा सुपरवायझर मागितला. त्यांच्याकडून मिळाला तो कर्टसी रिफंड, म्हणजे मेहरबानी म्हणून दिलेला परतावा. तो बँका मोजूनमापूनच देतात. म्हणून पहिल्याच वाक्यात 'प्लीज या वेळी माफ करा' म्हणू नये. आधी हिशोब मांडावा, मेहरबानी शेवटी मागावी. भांडण्यापेक्षा आकडे वाचून दाखवण्याचा उपयोग होतो.

बँकेने नाहीच ऐकलं तर सीएफपीबीकडे, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. ती बँकेकडे पाठवली जाते आणि साधारण १५ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, गुंतागुंतीच्या बाबतीत ६० दिवसांपर्यंत. फुकट आहे. तक्रारीत भावना कमी, तारखा आणि रकमा जास्त. खातं बँकेऐवजी क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत, असेल तर त्यांच्या केंद्रीय नियामकाकडे, एनसीयूएकडेही जाता येतं.

फीची रक्कम सगळीकडे सारखी नाही, आणि खातं निवडताना हे बघायलाच हवं. कॅपिटल वन आणि सिटीबँकेने २०२२ मध्ये ओव्हरड्राफ्ट फी पूर्ण काढून टाकली. त्याच वर्षी बँक ऑफ अमेरिकाने ती ३५ वरून १० वर आणली. मोठ्या बँकांवर ५ डॉलरची मर्यादा आणणारा सीएफपीबीचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये आला होता, पण मे २०२५ मध्ये तो रद्द झाला, तेव्हा जुन्या बातम्या वाचून 'आता पाचच लागतात' असं समजू नका. काही बँका छोट्या रकमेच्या तुटीला सूट देतात, काही दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे भरायची मुदत देतात. ही मुदत कितीपर्यंत हे विचारून ठेवा, कारण वेळ पूर्व किनाऱ्याची असेल आणि तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर रात्र तीन तास आधी संपते.

मी नंतर तीन बदल केले. कार्डाच्या खरेदीवरची ओव्हरड्राफ्टची संमती दिलेली नाही ना हे तपासलं (दिली असेल तरी कधीही मागे घेता येते, लेखी पोच मागा). बचत खातं चेकिंगला, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या खात्याला, जोडलं, म्हणजे तूट आपोआप तिथून भरली जाते. बँक त्यासाठी वेगळे पैसे घेते का ते आधी विचारलं. आणि अव्हेलेबल बॅलन्स १०० च्या खाली गेली की मेसेज यावा अशी सूचना लावली. करंटवर लावलेली सूचना कुचकामी.

रेस्टॉरंटमध्ये मंजुरी बिलाच्या रकमेची होते, टिप नंतर चढते. ४२ चं बिल, ८.४० टिप, तर पक्के होताना ५०.४० जातात. कमी शिलकीवर हे आठ डॉलरही पुरतात. हॉटेल खोलीच्या भाड्यावर करासह रोजची काही जादा रक्कम अडकवतं आणि सोडायला दिवस लावतं. भाड्याच्या गाडीला डेबिट कार्ड दिलं तर शेकडो डॉलर अडकतात. या दोन ठिकाणी क्रेडिट कार्डच द्यावं. होल्ड तिथेही लागतो, पण कार्डाची मर्यादा खातो, खात्यातले घरभाड्याचे पैसे नाही. क्रेडिट इतिहास नसलेल्याला ठेव ठेवून सिक्युअर्ड कार्ड मिळतं.

याची उलटी बाजूही आहे. व्यवहार पक्का व्हायच्या आधीच होल्डची मुदत संपते, अव्हेलेबल अचानक वाढलेली दिसते, आणि वाटतं दुकानदाराने पैसे घेतलेच नाहीत. ते घेतोच, उशिराने. वहीत किंवा फोनमध्ये स्वतःची नोंद नसेल तर इथे हमखास फसायला होतं. चेक जमा केल्यावरही हाच घोळ: करंटमध्ये पूर्ण रक्कम दिसते, पण वापरायला लगेच मिळतो तो भाग थोडा. जुलै २०२५ पासून साध्या चेकमधले पहिले २७५ डॉलर पुढच्या कामाच्या दिवशी वापरता येतात, उरलेले नंतर.

शिक्षण संपवून भारतात परतणाऱ्यांनी खातं बंद करण्याआधी ऑटोपे काढून टाकावेत आणि सगळे पेंडिंग व्यवहार पक्के होऊ द्यावेत. राहून गेलेलं एखादं बिल नंतर आलं तर काही बँका खातं पुन्हा उघडून ते भागवतात आणि शिलक उणे होते. ती तशीच राहिली तर नाव चेक्ससिस्टम्स या, बँक खात्यांच्या थकबाकीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत जातं, आणि पुन्हा अमेरिकेत आल्यावर नवं खातं उघडताना काउंटरवर नकार मिळू शकतो. शेवटचं स्टेटमेंट आणि खातं शून्यावर बंद झाल्याचं पत्र पीडीएफमध्ये जपून ठेवावं.