तोगाकुशीचा देव दिसत नाही

जपान म्हटलं की सगळे क्योटोचे फोटो टाकतात, आम्हीपण टाकले, पण खरं सांगायचं तर मनात बसलं ते तोगाकुशीचं देवस्थानच. धाकटा भाऊ नागानोत नोकरीला (1998 चं विंटर ऑलिंपिक झालं तेच नागानो), तिथनं बसनं तासभर, सगळा घाट, पण चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन जाऊन आईला सवय, तिला काय फरक पडला नाही.

डोंगरात लांब-लांब पाच देवळं आहेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या ओकुशाला गाडी जात नाही, साधारण दोन किलोमीटर चालायचं, तेपण कडेकडेनं, कारण रस्त्याचा मधला भाग देवाचा. अर्ध्यावर गवतानं शाकारलेला लाल दरवाजा, आणि त्याच्या पुढं चारशे वर्षांच्या सीडर झाडांच्या दोन रांगा, मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा काय सापडत नाही. 1868 पर्यंत इथं बुद्ध आणि शिंतो (जपानचा मूळचा धर्म) देव एकत्रच नांदत होते, मग सरकारनं हुकूम काढून वेगळे केले आणि या दरवाज्यातले बौद्ध द्वारपालसुद्धा हलवले. सरकारनं पाट्या बदलल्या की काय होतं ते आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुणी नव्यानं सांगायला नको.

वाटेत भावानं गोष्ट सांगितली. सूर्यदेवी आमातेरासु रुसून गुहेत बसली, जगात अंधार, मग एका ताकदवान देवानं गुहेचं दगडी दार उपटून भिरकावलं, ते येऊन पडलं तोच हा डोंगर आणि तोच देव इथला.

वर पोचलो तर काँक्रीटचं देऊळ! हिमकडे कोसळून आधीचं मोडलं म्हणून तसं बांधलंय म्हणे, पण माझा मूडच गेला. आई आत वाकून वाकून बघायलीय, "अरे, देव कुठाय?" मूर्ती दाखवायची पद्धतच नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं, सौंदत्तीला यल्लम्माच्या रांगेत तासन्‌तास उभी राहणारी बाई ती. पण शेजारीच नऊ तोंडांचा नागासारखा पाण्याचा देव, कुझुर्यु, तो दातदुखी बरी करतो आणि त्याला नाशपाती आवडतात हे कळलं आणि कवळीवाल्या आमच्या मातोश्री एकदम खुलल्या. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं, सगळं नीट केलं आणि वर आपला नमस्कारपण घातला.

खाली येऊन सोबा खाल्ला, कुट्टूच्या पिठाच्या शेवया, गोल चाळणीत पाच छोट्या जुड्या मांडून देतात. "उपवासाला चालतंय की मग," आई. सोबतच्या सॉसमध्ये मासा असतो म्हटल्यावर वाटी माझ्याकडं सरकवली आणि पर्समधनं शेंगदाण्याची चटणी काढली.