हायब्रिड की ऑल-फ्लॅश? कोटेशनमधले दोन आकडे

सर्व्हरसाठी 100 टीबीच्या स्टोरेज अ‍ॅरेची (अनेक डिस्कची पेटी) दोन कोटेशनं समोर आली, एक हायब्रिडचं (फिरत्या डिस्क आणि पुढे थोडी एसएसडी), दुसरं ऑल-फ्लॅशचं (सगळी एसएसडी), की नजर आधी किमतीवर जाते. पण हायब्रिडची किंमत कॅशे हिट रेट (किती टक्के रीड एसएसडीतूनच भागतात) धरून काढलेली असते आणि ऑल-फ्लॅशची डेटा रिडक्शन (डेटा दाबून किती पट कमी जागेत बसतो) धरून. हे दोन आकडे जरा ताणले की कुठलंही कोटेशन स्वस्त दिसतं.

आधी हायब्रिड. 7,200 आरपीएमची एनएल-सॅस (मोठी, स्वस्त, फिरती) डिस्क रँडम कामात जेमतेम 75 आयऑप्स (सेकंदाला इतके रीड-राइट) देते. अर्धी फेरी व्हायलाच 4.17 मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकायला साधारण 8. म्हणजे एका रीडला 12 मिलिसेकंद. कंट्रोलर (डिस्क चालवणारा भाग) कितीही भारी घ्या, यात फरक पडत नाही.

12 डिस्क धरा, म्हणजे 900 आयऑप्स. लोड 4,000 आयऑप्सचा, त्यात 2,800 रीड. 95 टक्के रीड एसएसडीतून भागले तर डिस्कवर 140 येतात. हिट रेट 80 वर आला तर 560. सरासरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदावरून पावणेतीनवर जाते, पण कुणी ओरडत नाही. 60 टक्क्यांना 1,120 होतात आणि डिस्क तिथेच संपतात. राइट तर यात धरलेच नाहीत. साध्या रेड-6 मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) प्रत्येक छोट्या राइटमागे डिस्कवर सहा आयओ पडतात. मग रांग लागते, आणि अ‍ॅप्लिकेशनवाले नेटवर्कवाल्यांना फोन करतात.

हिट रेट पडतो तो महिनाअखेरीला: जुने व्यवहार खणणारे रिपोर्ट, फुल बॅकअप, अँटीव्हायरसचा स्कॅन. ऑटो-टियरिंगचाही (जास्त लागणारा डेटा आपोआप एसएसडीवर हलवणं) इथे उपयोग होत नाही, कारण ते बहुतेक ठिकाणी रात्री ठरल्या वेळी डेटा हलवतं. आज लागलेला डेटा वर येतो उद्या. म्हणून आठवड्याभराच्या डेमोवर जाऊ नका. आयओस्टॅट किंवा परफमॉन (लोड मोजणारी टूल्स) पूर्ण महिना चालू ठेवा आणि सरासरी न बघता 95 वा पर्सेंटाइल (95 टक्के वेळा लोड ज्याच्या आत राहतो तो आकडा) काढा. रीड-राइटचं प्रमाण आणि ब्लॉक साइजही लिहून ठेवा.

ऑल-फ्लॅशमध्ये लेटन्सीची चिंता मिटते, गोंधळ होतो जागेचा. नेटअ‍ॅप सॅनसाठी (नेटवर्कवरून सर्व्हरना डिस्क देणारं स्टोरेज) 4:1 रिडक्शनची हमी देते, डेल पॉवरस्टोअरसाठी 5:1 ची. 5:1 ने 'इफेक्टिव्ह' 100 टीबी म्हणजे यूजेबल (प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) 20. व्हीडीआय (सर्व्हरवर चालणारे एकसारखे डेस्कटॉप) असेल तर यात आरामात बसाल. पण डेटाबेसला टीडीई एन्क्रिप्शन (डेटाबेसचं स्वतःचं) लावलेलं असेल, किंवा व्हिडिओ, जेपेग, आधीच कॉम्प्रेस केलेले बॅकअप असतील, तर रिडक्शन जवळपास 1:1 आणि तुमचे 20 टीबी हे 20 च राहतात. असा डेटा हमीत सहसा धरत नाहीत. कोटेशनआधी ते अटींचं पान मागून घ्या. मी तर तुलना फक्त यूजेबलवर करतो, तीही टीआयबीमध्ये (1,024 च्या पटीतलं माप), कारण 100 टीबी म्हणजे 90.9 टीआयबी. थिन व्हॉल्यूम (लागेल तशीच जागा घेणारे) असतील तर होस्टवर, म्हणजे सर्व्हरवर, अनमॅप (रिकामी झालेली जागा स्टोरेजला कळवणं) चालू आहे ना, तेही बघा. नाहीतर डिलीट केलेल्या फाइल्सची जागा अ‍ॅरेच्या हिशेबात भरलेलीच राहते.

बाकी खर्च आजूबाजूचे. जुना 8 गिगाबिटचा फायबर चॅनल (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारा) स्विच तसाच ठेवला तर एका पोर्टवर सेकंदाला 800 एमबीच्या आसपासच मिळणार. व्हीएमवेअरमध्ये राउंड रॉबिन (रस्ते आलटून-पालटून वापरण्याची पद्धत) दर 1,000 आयओनंतर पाथ, म्हणजे स्टोरेजकडे जाणारा रस्ता, बदलतो, बरेच व्हेंडर तो आकडा 1 करायला सांगतात. चौथ्या-पाचव्या वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) खरेदीच्या पीओतच (ऑर्डरमध्येच) लिहून घ्या, नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

हायब्रिडला जागा आहेच: सीसीटीव्ही, बॅकअप, आणि सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवस ठेवायचे लॉग. फक्त 20 टीबीची डिस्क गेली तर 250 एमबी प्रतिसेकंदाच्या पूर्ण वेगानेही रिबिल्डला (नव्या डिस्कवर डेटा परत उभा करायला) 22 तास लागतात, आणि चालू लोडखाली तो वेग मिळत नाही. तिथे रेड-5 (फक्त एकच डिस्क गेलेली सोसणारं) चालणार नाही.

आणि पीओसीत (खरेदीआधीच्या चाचणीत), पूर्ण लोड चालू असताना, एक कंट्रोलर ओढून बाहेर काढा. दोन्ही कंट्रोलर 60-60 टक्के भरलेले असतील तर उरलेल्या एकाला 120 टक्के काम झेपणार नाही, हे डॅशबोर्डवर दिसत नाही.