कंबर वळते की नुसती सरकते?

मंडळी, माझ्या गोल्फमधल्या स्लाइसचं, म्हणजे चेंडू उजवीकडे वळत जाण्याचं, मूळ सापडलं. स्लाइस अजून आहेच, पण निदान चोर कोण ते कळलं.

मागच्या वेळी मी सगळा दोष खांद्यांवर ढकलला होता. शनिवारी पुतण्याला समोर उभं करून सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने, म्हणजे काठीने) मारतानाचं स्लो मोशनमध्ये शूटिंग करायला लावलं. बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही वळतच नाही, सरकता." खरंच, बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, कंबर वीतभर उजवीकडे आणि वजन उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर! तिथून परत यायला वेळ उरत नाही, मग हात घाई करतात, क्लब बाहेरून येतो आणि चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत तुरीच्या वावरात. काळ्या मातीच्या भेगांनी आतापर्यंत सहा गिळले. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, आमच्या औशाकडच्या (जि. लातूर) भेगा त्याहून रुंद.

बॅकस्विंगला खांदे ९० अंश वळावेत, कंबर ४५, हे आपल्याला पाठ आहे. पट्ट्याच्या लूपमधून तुराटी आडवी खोवून बघितलं, तर टॉपला, म्हणजे बॅकस्विंगच्या शेवटी, माझी कंबर जेमतेम १५. (अलाइनमेंट स्टिकवर, म्हणजे दिशा तपासायच्या विकतच्या काठीवर, पैसे घालवू नका. तुराटी मोडली तर चुलीत जाते. माझ्या तीन गेल्या.) दिवसभर खुर्चीत बसून खुबे आखडलेत, दुसरं काय! मग दोन बदल केले. उजवं पाऊल थोडं बाहेर वळवलं आणि डावी टाच उचलू दिली. हल्ली टाच उचलली की लोक नाक मुरडतात, पण अमेरिकेचा दिग्गज जॅक निक्लॉस उचलायचा आणि त्याच्या नावावर १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं आहेत. शिवाय उजव्या कमरेलगत, टाचेच्या रेषेत पहार रोवली. सरकलो की गार लोखंड लागतं. हे अर्ध्या स्विंगलाच करा, पूर्ण स्विंगला क्लब आपटेल.

रविवारी ४० पैकी ११ चेंडू सरावाच्या शेडनेटच्या मधोमध. आवाजसुद्धा 'थप्प' नाही, 'टक्'. त्या आनंदात चहा गार झाला.

सोमवारी माती खाल्ली. कंबर एवढ्या जोरात फिरवली की हात मागेच राहिले, क्लबचा फेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडा, आणि एकामागून एक ब्लॉक, म्हणजे चेंडू सरळ उजवीकडे. म्हणजे कंबर, छाती, हात, क्लब ही रांग माझ्या डोक्यात आहे, अंगात नाही. कंबर वळवायच्या सरावाचा एक रबरी पट्टा मागवणार होतो. आधी मागवलेल्या मॅटची हिरवळ पंधरा दिवसांत सोलली, तरी खरेदीची खाज जात नाही.

पण हे लिहितानाच एक आठवलं. ज्वारीच्या माळ्यावरून आई गोफण मारायची तेव्हा डावा पाय आधी पडायचा, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. ही तर गोल्फमधली स्टेप ड्रिलच, पाऊल टाकून मारायचा सराव! पट्टा रद्द. उद्यापासून पाय जुळवून उभं राहायचं, डावं पाऊल टाकायचं, मग मारायचं. सकाळी आधी दहा दगड गोफणीने.

आईला विचारलं. गोफण देते म्हणाली, पण शेडच्या पत्र्याकडे तोंड करायचं नाही.