स्पीकर कुठे उभा करायचा

आमच्या गटाचा साउंड मी लावते, हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा आहे?" या प्रश्नाचं मी नेहमी सविस्तर उत्तर देते. वॅट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो थोडा मोठा झाल्यासारखा वाटतो, तेवढाच. ऐकणाऱ्याला तो दुप्पट वाटावा असं असेल तर साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. याउलट मोकळ्या जागेत स्पीकर आणि श्रोता यांच्यातलं अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल आपोआप पदरात पडतात. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त स्टँड उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो.

म्हणून मी सामान गाडीतून काढण्याआधी रिकाम्या हाताने खोलीत एक फेरी मारते. मधोमध उभी राहून टाळी वाजवते. टाळीनंतर खोली किती वेळ बोलत राहते, मागच्या भिंतीवरून आवाज उलटून येतो का, हे ऐकते. मागची भिंत काचेची किंवा नुसत्या गुळगुळीत प्लास्टरची असेल, तर स्पीकरचं तोंड तिच्याकडे सरळ जाऊ द्यायचं नाही, एवढं तिथेच ठरतं.

गट छोटा आहे आमचा. एक गायिका, पेटी, तबला, कधीकधी गिटार. सामान म्हणजे अँप आतच असलेले दोन बारा इंची स्पीकर, दोन स्टँड, एक लहान मिक्सर, मॉनिटरसाठी, म्हणजे गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून, एक छोटा स्पीकर, माईक आणि वायरींची पिशवी. सगळं गाडीच्या डिकीत मावतं. शंभर-दीडशे माणसं बसतील अशा खोलीला एवढं पुरतं, फक्त नीट मांडलं पाहिजे.

स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. ही पहिली अट, आणि ती मी कुणाच्याही आग्रहाखातर मोडत नाही. मागे ठेवलेला स्पीकर थेट माईकच्या तोंडात बोलतो. तो अगदी कोपऱ्यातही नको, कारण दोन भिंती मिळून खालचे स्वर फुगवतात आणि डग्ग्याचा नुसता गडगडाट होतो. मग उंची. शब्दांची स्पष्टता ज्या वरच्या कंपनांत असते ती स्पीकरच्या हॉर्नमधून, म्हणजे त्यातल्या भोंग्यासारख्या भागातून निघतात, सरळ जातात आणि माणसांच्या अंगात, कपड्यांत शोषली जातात. हॉर्न बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर असेल तर पहिल्या दोन रांगा ती पिऊन टाकतात आणि मागे फक्त घुमा आवाज पोचतो.

उंचीचा आणखी एक फायदा आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. स्पीकर खाली ठेवलेला आहे, पहिली रांग त्याच्यापासून 2 मीटरवर आणि शेवटची 16 मीटरवर आहे, असं धरा. 2 चे 4, 4 चे 8, 8 चे 16, असं अंतर तीनदा दुप्पट झालं. मोकळ्या जागेत 18 डेसिबलचा फरक. खोलीत भिंतींमुळे तो कमी होतो, तरी पुढचे कानात बोटं घालतात आणि मागचे पुढे वाकून ऐकतात. तोच स्पीकर स्टँडवर उंच चढवून हॉर्नचा रोख मागच्या रांगांकडे केला, की पुढची माणसं हॉर्नच्या सरळ माऱ्यातून खाली निसटतात. त्यांना थोडं कमी मिळतं, मागच्यांना पूर्ण मिळतं. बटण न फिरवता सगळी खोली बरीचशी एकसारखी होते.

स्टँडचे तिन्ही पाय पूर्ण पसरायचे, पिन अडकवायची, पायांवर वजनाची पिशवी टाकायची. लहान मुलं येणार असतील तर स्टँड जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवायचाच नाही.

माईकच्या बाबतीतही आधी जागेचाच विचार करायचा. गायिकेसाठी आम्ही शूरचा एसएम 58 वापरतो. 1966 पासून बनत असलेला हा माईक समोरचं नीट ऐकतो आणि पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीमागे, गायिकेकडे तोंड करून. पण माईक सुपरकार्डिऑइड जातीचा असेल तर हे चालत नाही. तो अगदी पाठीमागचं थोडं ऐकतो. त्याचा बहिरेपणा मागे दोन्ही बाजूंना, समोरच्या रेषेपासून साधारण 125 अंशांवर असतो, आणि मॉनिटर तिकडे सरकवावा लागतो. माईक कुठल्या जातीचा आहे हे त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय मॉनिटर ठेवू नये.

तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर 5 सेंटिमीटरचं 10 झालं की पुन्हा तेच 6 डेसिबल गेले. तान घेताना मान वळवायची सवय असलेल्या गायिकेला मी कधीच "हलू नका" म्हणत नाही. गाणं तिचं आहे. माईक हनुवटीच्या किंचित खाली, थोडा वर वळवून ठेवला की मान फिरली तरी आवाज फारसा पडत नाही. एक मात्र आवर्जून सांगते: माईकची जाळी मुठीत धरायची नाही. जाळीच्या मागच्या बाजूला हवेसाठी फटी असतात आणि त्यांच्याच जोरावर माईक पाठीमागचं गाळतो. त्या झाकल्या की तो चारी बाजूंनी ऐकू लागतो, स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि लगेच शिट्टी येते.

तबल्याला लहान खोलीत मी एकच माईक देते, दोन्हींच्या मध्ये, थोडा वरून. दोन माईक लावले तर तबला आणि डग्गा हवे तसे वेगळे उचलता येतात हे खरं, पण चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधीची मोकळीक 3 डेसिबलने घटते. पेटीचा माईक पट्ट्यांपासून जरा दूर. फार जवळ नेला तर सूर कमी आणि पट्ट्यांची खटखट जास्त, शिवाय एका बाजूचे सूर मोठे. गायिकेच्या चॅनलवर 100 हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण दाबून ठेवते, म्हणजे स्टँडला लागलेला धक्का आणि पायांचा आवाज गळतो. तबल्याच्या चॅनलवर ते बटण दाबत नाही, डग्ग्याचा सगळा जीव तिथेच खाली आहे.

गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल नाजूक असतो. साध्या जॅकची लांब वायर थेट मिक्सरपर्यंत ओढली तर वाटेत ती आसपासची विद्युत घरघर गोळा करते, म्हणून मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा सिग्नल लांब वायरीतून नेण्याजोगा करणारी छोटी डबी. तिथून पुढे तीन पिनांची एक्सएलआर वायर. तिच्यात एकच सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेतला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पलीकडे मिक्सर दोन्हींतला फरक घेतो, तेव्हा सारखं असलेलं सगळं वजा होतं आणि गाणं उरतं. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

वीज शक्यतो एकाच सर्किटवरून घ्यायची. मिक्सर एका भिंतीवरून आणि स्पीकर दुसरीकडून घेतला तर अर्थिंगचं वेटोळं तयार होऊन 50 हर्ट्झची घरघर येऊ शकते. ती घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला देणारी माणसं भेटतात. तसं कधीही करू नका. ती पिन गाणाऱ्याच्या जिवासाठी असते. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलच्या वायरीचं ग्राउंड तोडतं. एक्स्टेन्शनची रीळ वापरत असाल तर वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

आता कुठे बटणं. आधी मिक्सर चालू, सगळ्यात शेवटी स्पीकर. गायिकेला तिचा सर्वांत मोठा सूर लावायला सांगून गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते, ठरवते. हळू बोलून घेतलेल्या "हॅलो, चेक"वर ठरवलेला गेन तारसप्तकात फाटतो. मग फक्त मॉनिटर, आणि त्यानंतर बाहेरचे स्पीकर. ते उघडल्यावर खोलीतून परतणारा आवाज मंचावर येतोच, तेव्हा मॉनिटर बहुतेक वेळा थोडा कमी करता येतो.

मग आवाज मुद्दाम हळूहळू चढवत शिट्टी कुठे येते ते पाहते. "घूं" असं घुमत असेल तर 250 ते 500 हर्ट्झच्या आसपास, "हू" असेल तर हजारच्या जवळ, कानात घुसणारी शिट्टी 2000 च्या वर. तिथे इक्वलायझरवर (वेगवेगळी कंपनं वेगवेगळी कमी-जास्त करणाऱ्या बटणांवर) अरुंद पट्टीत 3 डेसिबल कमी केले की बहुधा काम होतं. पण पाच-सहा ठिकाणी असे खड्डे पाडावे लागत असतील, तर मी इक्वलायझर पुन्हा सरळ करते आणि उठून स्पीकर किंवा माईक हलवते. खड्डे पाडलेल्या आवाजात गायिकेचा स्वतःचा आवाज उरत नाही, आणि श्रोते तर तोच ऐकायला आलेले असतात.

रिकाम्या खोलीत जमवलेलं माणसं बसल्यावर बदलतं, वरच्या कंपनांचा चटका कमी होतो. पहिलं गाणं सुरू झालं की मी मिक्सर सोडून शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन येते. शब्द कळले की पुरे. तिथे बंदिशीची ओळ कळत नसेल तर बहुतेक वेळा आधी पेटी कमी करते, गायिकेला वाढवत नाही.

आवरताना क्रम उलटा. स्पीकर आधी बंद, मिक्सर नंतर, नाहीतर "धाड" असा आवाज स्पीकरला सोसावा लागतो. वायरी कोपराभोवती करकचून गुंडाळायच्या नाहीत. एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे पीळ पडत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की ती गाठी न होता सुटते. कार्यक्रमात जी वायर खरखरली तिच्या टोकाला तिथेच लाल टेप लावते आणि वेगळ्या पिशवीत टाकते.